मूल आपलं झालं, मग घरी यायला उशीर का?

बचत, कर्ज आणि हप्ते हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय त्यातला नाही, पण तो आपल्या बैठकीतूनच आला आहे.

पूर्णा तालुक्यातल्या एका गटातल्या मावशींची लेक आणि जावई बरीच वर्षं अमेरिकेत आहेत. तिथलं नागरिकत्व त्यांना मिळालं आहे. मूलबाळ नव्हतं म्हणून त्यांनी आपल्याच राज्यातल्या एका संस्थेतली मुलगी दत्तक घेतली. २०२० च्या मार्चमध्ये कोर्टाचा आदेश झाला तेव्हा मावशींनी गटात पेढे वाटले. पोरगी तेव्हा सव्वा वर्षाची होती. ती प्रत्यक्ष आईच्या मांडीवर बसली ऑगस्टमध्ये. मधल्या पाच महिन्यांत मावशींनी आम्हाला फोनवर किती वेळा विचारलं असेल, "बाई, कोर्ट म्हनतं लेकरू तुमचं झालं, मग न्यायला कशाचा उशीर?"

तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हतं. लॉकडाऊन आहे, एवढंच म्हणत होतो. पण लॉकडाऊनच्या आधीच त्या जोडप्याला नाव नोंदवून दीड वर्ष होऊन गेलं होतं. तो उशीर कशाचा होता? ती मुलगी आता यंदाच्या सुट्टीत आजीच्या गावी येणार आहे, आणि मावशींचा प्रश्न बैठकीत पुन्हा निघाला. म्हणून आम्ही समन्वयिका चार पुस्तकं आणि कायदे घेऊन बसलो, जाणकारांना विचारलं, आणि जे समजलं ते आज सांगतो. सुरुवात जरा लांबून, राजवाड्यातून करावी लागेल.

बडोद्याचे खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले. त्यांची राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होती. मुलगा झाला तर तो गादीवर बसणार होता. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचं नाव ताराबाई. मुलगी झाली म्हणून गादी खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांच्याकडेच राहिली. जमनाबाई जिवाच्या भीतीने बडोदा सोडून पुण्याला जाऊन राहिल्या. पुढे इंग्रज रेसिडेंटला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. मग जमनाबाईंना बोलावणं गेलं की तुम्ही दत्तक घ्या.

नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं खेडं आहे. गायकवाड घराण्याची एक शाखा तिथे शेती करून राहत होती. काशीराव आणि उमाबाई यांची मुलं तिथून बडोद्याला नेली गेली. मुलं घराण्याच्या रक्ताचीच आहेत ना, याची खातरजमा इंग्रजांनी करून घेतली. जमनाबाईंनी बारा वर्षांच्या गोपाळरावाला पसंत केलं. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं, गोपाळरावाचे सयाजीराव झाले आणि जूनमध्ये ते गादीवर बसले. मल्हाररावांना काढल्यापासून दत्तकविधानापर्यंत दोन महिनेसुद्धा लागले नाहीत. आजच्या हिशेबाने वाऱ्याच्या वेगाने झालं म्हणायचं.

पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे. अक्षरओळख नसलेल्या त्या पोराला बडोद्यात शिक्षक ठेवले गेले. मोठेपणी त्यांनी आधी अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसुद्धा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले ते याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. दत्तक मूल घराण्याचं नाव राखतं का, असं ज्यांना अजून वाटतं, त्यांना हे एकदा सांगून बघा.

पण आम्हाला यात वेगळंच काहीतरी दिसलं. त्या सगळ्या धावपळीत घाई कुणाला होती? गादीला होती. रिकामी गादी ठेवता येत नव्हती. कवळाण्याहून निघताना त्या पोराला काय वाटलं, उमाबाईंना काय वाटलं, हे विचारायची पद्धतच नव्हती. जुनं दत्तक हे मोठ्यांसाठी होतं. वंश चालावा, पिंड द्यायला कुणी असावं, जमीन घरात राहावी, यासाठी मुलगाच घ्यायचा, तोही जातीतला, बहुतेक वेळा भाऊबंदातला. मुलगी दत्तक घेत नसत. आणि ज्याला आईबापच नाहीत असं मूल तर नाहीच, कारण देणारा बाप किंवा आई समोर असल्याशिवाय दत्तकविधानच होत नसे. म्हणजे ज्या लेकराला घराची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दार बंद होतं.

त्या काळात कागदाचा उशीर नव्हता असंही नाही. साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४८ मध्ये मरणाच्या आधी मुलगा दत्तक घेतला, झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ मध्ये घेतला. दोन्ही ठिकाणी इंग्रजांनी मंजुरी दिली नाही आणि राज्यं खालसा केली. झाशीचा तो मुलगा, दामोदरराव, पुढे इंदूरला पेन्शनवर जगला. दत्तकविधान झालं होतं, पण वरचा कागद आलाच नाही.

आईबाप नसलेल्या लेकरांची काळजी आपल्याकडे कुणी घेतलीच नाही असंही नाही. वारीला जाणाऱ्या बायांनी पंढरपूरचा बालकाश्रम ऐकला असेल. प्रार्थना समाजाच्या लोकांनी तो एकोणिसाव्या शतकातच चालू केला. दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला शेकडो मुली आणि विधवा आणून ठेवल्या. ही पोटं भरली गेली, पण कायद्याने ही मुलं कुणाची झाली नाहीत.

आपल्या कामाचा पहिला मोठा बदल १९५६ मध्ये झाला. हिंदू दत्तक आणि पोटगी कायदा आला. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्याने मुलगी दत्तक घ्यायला मोकळीक दिली. विधवा, घटस्फोटित आणि अविवाहित बाई स्वतःच्या नावाने दत्तक घेऊ शकली. तोपर्यंत विधवेने घेतलेलं मूल मेलेल्या नवऱ्याचं धरलं जायचं. नवरा असलेल्या बाईला मात्र हा हक्क नव्हता. दत्तक नवरा घ्यायचा, बायकोने फक्त संमती द्यायची. ही गोष्ट बदलायला २०१० साल उजाडलं. चोपन्न वर्षं! यावर गटात एकदा वेगळी चर्चा ठेवू.

मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना हा कायदा नव्हता. त्यांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता येत असे, आईबाप नव्हे. सगळ्या धर्मांसाठी एक दत्तक कायदा करायचं विधेयक १९७२ मध्ये संसदेत आलं, १९८० मध्ये पुन्हा आलं, दोन्ही वेळा विरोध झाला आणि ते बारगळलं.

आता परदेशाकडे वळू. १९६०-७० नंतर युरोप-अमेरिकेतली जोडपी भारतातली मुलं दत्तक घेऊ लागली. मुंबई-पुण्याच्या संस्थांमधूनही पुष्कळ मुलं गेली. पण परदेशी माणसाला इथे दत्तक घेण्याचा कायदा नव्हता. मग वाट काढली ती त्याच १८९० च्या कायद्यातून. इथल्या कोर्टातून पालकत्वाचा आदेश घ्यायचा, मूल विमानात बसवायचं आणि तिकडे गेल्यावर तिकडच्या कायद्याने दत्तक करायचं. कित्येक लेकरं नव्या आईवडिलांसोबत गेली नाहीत. कुणा तिऱ्हाईत सोबत्याबरोबर त्यांना पाठवलं जायचं. विमानतळावर उतरल्यावर ते मूल आणि त्याची आई पहिल्यांदा एकमेकांना बघायची.

यातली बरीच मुलं चांगल्या घरांत वाढली. पण मूल कुठून आलं, आईने खरंच राजीखुशीने दिलं का, तिकडे त्याचं काय झालं, हे विचारणारं कुणी ठरलेलं नव्हतं. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला याबद्दल पत्र लिहिलं. लेकरांना जिवावरच्या लांब प्रवासाला पाठवतात आणि तिकडे काहींचे हाल होतात, अशी त्यांची तक्रार होती. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं. ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला, आणि आज जो उशीर दिसतो त्यातला बराचसा तिथून सुरू होतो.

निकालाचं म्हणणं साधं होतं. परदेशी जोडप्याने परस्पर मूल न्यायचं नाही, मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच न्यायचं. त्या जोडप्याच्या घराची, कमाईची, तब्येतीची, नात्यांची चौकशी होऊन अहवाल यायला हवा. आधी देशातल्या आईबापांचा शोध घ्यायचा, ते नाही मिळाले तर परदेश. मूल देणाऱ्या आईवर दबाव नको, तिला विचार करायला वेळ मिळाला पाहिजे. आणि कोर्टाने असंही म्हटलं की अर्ज आल्यावर दोन महिन्यांत निकाल लावा, लेकराला ताटकळत ठेवू नका. म्हणजे थांबायला सांगणारा निकाल आणि घाई करा म्हणणारा निकाल एकच होता. हे वाचून आम्ही थोडं थबकलो.

त्यानंतर १९९० मध्ये दिल्लीत केंद्र सरकारची दत्तक संस्था स्थापन झाली, तिला सगळे 'कारा' म्हणतात. १९९३ मध्ये हेग शहरात अनेक देशांनी मिळून आंतरदेशीय दत्तकाचा करार केला, भारत त्यात २००३ मध्ये आला. बाल न्याय कायद्याने सगळ्या धर्मांच्या लोकांना दत्तक घ्यायचा रस्ता मोकळा केला. २०१५ मध्ये नवा बाल न्याय कायदा झाला. आता संस्थेतल्या मुलासाठी सगळी नावनोंदणी काराच्या संकेतस्थळावर होते.

बैठकीत हे सांगत होतो तेव्हा मागे बसलेल्या एका ताईंनी विचारलं, "आन जिनं जन्म दिला तिचं काय?" मावशी गप्प झाल्या. हा प्रश्न आमच्या मनातही नव्हता, खरं सांगतो.

तिचं काय, ते कायद्यात आहे. एखाद्या आईला मूल सांभाळणं अशक्य झालं आणि तिने ते बाल कल्याण समितीपुढे सोपवलं, तर त्या दिवसापासून तिला दोन महिने मिळतात. त्या काळात तिचं मन बदललं, माहेरच्यांनी हात दिला, नवरा परत आला, तर ती मूल परत नेऊ शकते. तोपर्यंत ते मूल कुणालाही दत्तक देता येत नाही. मूल टाकलेलं सापडलं असेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्याच्या माणसांचा शोध घ्यावा लागतो. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत समिती ठरवते की आता ते दत्तकासाठी मोकळं आहे. हरवलेलं मूल आणि टाकलेलं मूल यांत फरक असतो. आपल्या पोरीचं पोर यात्रेत हरवलं, तर ते आठवड्यात दुसऱ्याचं होऊन परदेशी गेलेलं आपल्याला चालेल का?

नेदरलँड्स देशाने २०२१ मध्ये जुन्या दत्तकांची चौकशी केली. श्रीलंका, बांगलादेश, इंडोनेशिया अशा देशांतून आणलेल्या मुलांच्या बाबतीत खोटे कागद आणि आयांची फसवणूक झाल्याचं त्या चौकशीत निघालं. त्यांनी तेव्हा बाहेरून दत्तक आणणं थांबवलं. मोठी झालेली ती मुलं आज चाळिशीत आपली आई शोधत फिरतात. त्या वेळी दोन महिने थांबले असते तर?

म्हणून मावशींना आम्ही सांगितलं की पहिल्या दीड वर्षातला बराच वेळ त्या पोरीच्या राखणीसाठी गेला. तुमच्या लेकीची चौकशी झाली ती संशयाने नव्हे. परदेशातल्या जोडप्याच्या घराचा अहवाल तिकडच्या मान्यताप्राप्त संस्थेने करायचा, मूल सुचवल्यावर तिकडच्या सरकारने लेखी कळवायचं की या मुलाला आम्ही देशात येऊ देऊ, मग काराचं ना हरकत पत्र, मग कोर्टाचा आदेश, मग हेग कराराप्रमाणे प्रमाणपत्र, मग मुलाचा पासपोर्ट, शेवटी व्हिसा. एक कागद आल्याशिवाय पुढचा निघत नाही. भावाचं मूल दत्तकपत्र करून परदेशी न्यायचं म्हटलं तरी नुसत्या दत्तकपत्राने होत नाही, काराची परवानगी लागतेच. आपल्या भागातली कुणी तसं करायला निघाली असेल तर आधीच सांगा.

पण मैत्रिणींनो, सगळा उशीर राखणीचा असतो असं म्हणणं खोटं होईल. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण उगाच पडलेली नाही. याचं आपल्या राज्यातलंच उदाहरण आहे. दत्तकाचे आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यावेत, म्हणजे काम लवकर होईल, असा बदल संसदेने २०२१ मध्ये केला आणि १ सप्टेंबर २०२२ पासून तो लागू झाला. हेतू चांगला होता. पण कोर्टात आधीच पडलेल्या फायलीसुद्धा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवायच्या ठरल्या. कुठली फाईल कुठे गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का, कुणालाच नीट कळेना. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या राज्यापुरतं सांगितलं की तूर्त फायली हलवू नका, न्यायाधीशांनीच त्या निकाली काढाव्यात. लवकर व्हावं म्हणून केलेल्या बदलात फायली आणखी अडकल्या. या उशिराने कुठल्या लेकराची राखण झाली नाही.

देशातल्या देशात दत्तक असेल तर निदान मूल आधीच घरी येतं. जोडप्याने मूल स्वीकारलं की आदेशाची वाट न बघता त्याला सांभाळायला घरी देतात, आदेश मागाहून होतो. परदेशी न्यायच्या मुलाचं तसं नसतं. आदेशाशिवाय त्याला देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. त्यामुळे इथे प्रत्येक अडकलेला दिवस ते संस्थेतल्या पाळण्यात काढतं. सहा महिन्यांचं मूल वर्षाचं होतं तेव्हा ते माणसं ओळखू लागलेलं असतं, आणि ज्यांना ते ओळखतं त्यांनाच सोडून जायचं असतं.

मावशींच्या नातीचं हेच झालं. मार्च २०२० च्या सुरुवातीला आदेश, नंतर प्रमाणपत्र. पासपोर्टचा अर्ज व्हायच्या आत २३ मार्चपासून परदेशी विमानं बंद झाली, २५ तारखेला देश बंद झाला. पासपोर्टची कचेरी बंद. अमेरिकेच्या वकिलातीनेही व्हिसाचं रोजचं काम थांबवलं होतं. इथे कुणाचा दोष धरायचा? जग थांबलं होतं. संस्थेतल्या ताई मात्र फार भल्या. रोज संध्याकाळी त्या मोबाईलवर मुलीला आई दाखवायच्या. तिकडे सकाळ असायची. पोरगी पहिलं पाऊल टाकताना आईने फोनवर पाहिलं.

जुलैच्या मध्याला सरकारने अमेरिकेशी थोडी विमानं सुरू करायचा करार केला. ऑगस्टमध्ये लेक आणि जावई आले, विलगीकरणात राहिले, तपासण्या झाल्या आणि मग संस्थेत गेले. पोरीने आईकडे पाहिलं आणि रडत संस्थेतल्या ताईंच्या पदराआड गेली. आईने जवळ बसून फोनवर रोज म्हणायची तेच गाणं म्हटलं, तेव्हा पोरगी ताईंच्या हातातला मोबाईल ओढून त्यात बघू लागली. हे सांगताना लेक हसत होती म्हणे. मावशी सांगताना हसल्या नाहीत.

२० ऑगस्टला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणाऱ्या एसटी सुरू झाल्या. मावशींनी दुसऱ्याच दिवशी परभणीहून गाडी धरली. तोंडाला मास्क, पिशवीत भाकरी-ठेचा आणि गटाच्या मशीनवर शिवलेलं झबलं. लेक-जावई दिल्लीला व्हिसासाठी निघेपर्यंत चार दिवस त्यांना नातीजवळ मिळाले. झबलं मार्चमध्ये पेढे वाटले त्याच आठवड्यात शिवलेलं, सव्वा वर्षाच्या मापाचं. ते तिच्या डोक्यातून खाली उतरेना. मावशींनी ते उसवलं, शेजारच्या खोलीतल्या बाईकडून सुई-दोरा मागितला, आपल्या लुगड्याच्या पदराची पट्टी काढून दोन्ही बाजूंना जोड दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ घालून ते तिला घातलं.

गेल्या बैठकीत त्यांनी आम्हाला फोटो दाखवला. पोरगी आता शाळेत जाते. यंदा ती येईल तेव्हा तिचा नवा फ्रॉक कोणत्या मापाचा शिवायचा, हे लेकीला विचारून घ्या म्हणून आम्ही सांगितलं आहे. आणि तुमच्या गावात, नात्यात कुणाचं दत्तकाचं काम चाललं असेल, कुठल्या टेबलावर किती महिने अडकलं आहे ते तारखेसह लिहून पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला आणा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष परभणीतच आहे, विचारायला आम्ही सोबत येऊ.